सासऱ्याची शाबाद, जावयाचं लाकूड

ज्या साली आम्ही जागचे न हलता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, त्याच साली आसेगावच्या शालिग्राम पाटलाच्या मनात आलं की आपल्या बैठकीला लाकडाची जमीन पाहिजे. राज्य बदलल्याचं गावाला पंधरा दिवसांनी कळलं. लाकडाचं त्याच दिवशी कळलं.

शालिग्राम हा माणूस वजनानं फार हलका. चार बैलजोड्या, दोन विहिरी, पण अंगात काही नाही. तो चालला तर धूळ उठत नसे. ओल्या मातीत त्याचं पाऊल उमटलेलं निदान मी तरी पाहिलेलं नाही. एकदा तो स्वतःच्या बैठकीत येऊन बसला, पानाचा डबा उघडला, पान लावून खाल्लं, आणि तरी त्याची आत्या रंगूबाई दारात उभी राहून गड्यांना विचारत होती, "शालिग्राम कुठं अडकला रे?"

"आत्याबाई, मी इथंच हाओ," शालिग्राम म्हणाला.

"मंग सांगून काऊन नाही आला?" रंगूबाई म्हणाली.

असं त्याचं चाललं होतं. त्यात बांधाच्या भांडणाची तारीख निघाली आणि तो वाशीमला गेला. तिथं एका साहेबाच्या बंगल्यावर त्याला काही कामानं बसावं लागलं. बंगल्याची जमीन लाकडी. बाकावर बसलेल्या माणसांना आतून आवाज आला, धाड, धाड, धाड. सगळी उठून उभी राहिली. शालिग्रामही राहिला. पडदा सरला आणि पाण्याचा गडवा घेऊन चपराशी बाहेर आला. परत येताना मोटारीत शालिग्राम एवढंच घोकत होता की जी जमीन चपराशाला साहेब करते, ती पाटलाला काय करील.

तेवढ्यात वाशीमचाच एक जुना बंगला पाडायला काढला. त्याच्या सागवानी फळ्या शालिग्रामनं दोन गाड्या भरून आणल्या. त्या फळ्यांत साहेबांच्या बुटांचा आवाज इतका मुरला होता की वाटेत गाडी आदळली की आतून धाड धाड ऐकू येई, आणि बैल जागच्या जागी थांबून मान खाली घालत. गाडीवान म्हणाला, सात कोसांत तीस वेळा सलाम झाला. मी तीस म्हणणार नाही. पंचवीस धरा.

आता या बैठकीत आधी काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी भानगड तिथंच आहे. बाकी गावात सारवलेली जमीन. शालिग्रामच्या बैठकीत मात्र शाबादी दगड होता, शहाबादकडचा, काळानिळा, गुळगुळीत, दुपारीसुद्धा पाय गार करणारा. हा दगड शालिग्रामचा नव्हता. त्याच्या सासऱ्याचा होता.

सासरे म्हणजे रिसोडचे नानाजी. प्रयागबाई त्यांची एकुलती एक लेक. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. लग्नानंतर नानाजी पहिल्यांदा लेकीला भेटायला आले, तेव्हा चैताचं ऊन. दिवसभर बसले, बोलले, ओठ सुकून त्यांची साल निघाली, पण पाण्याला शिवले नाहीत. जाताना वाटेतल्या विहिरीवर थांबले, आणि म्हणतात की त्या विहिरीला पुढं तीन दिवस पोहरा बुडत नव्हता. पुढं दोन वर्षं गेली. प्रयागबाईला मूल झालं नाही. नानाजी येत, कोरडे बसत, कोरडे जात.

तिसऱ्या वर्षी ते सहा गाड्या घेऊन आले. त्या वेळी हिंगोली निजामाकडे होती, आणि आगगाडी हिंगोलीपर्यंतच यायची. तिथल्या ठेसनावर शाबादी दगड उतरवून नानाजींनी जकातीच्या नाक्यावरून इकडे आणला. नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, काय माल आहे? नानाजी म्हणाले, "उशा हाएत. आमच्या इकडची माणसं डोक्यानं जड." शिपायानं एक उचलून पाहिली आणि गाड्या सोडून दिल्या.

शालिग्रामच्या बैठकीत दगड बसवून झाल्यावर नानाजी मधोमध मांडी घालून बसले आणि चार माणसांसमोर म्हणाले, "जावई, हा दगड मी तुले देला नाही. आंदणात नाही, भेटीत नाही. माहा हाय. फक्त इथं ठेवला हाय. आता मी माह्या जाग्यावर बसलो. प्रयाग, पाणी आन."

प्रयागबाई लोटा घेऊन आली. नानाजी तीन लोटे पाणी प्याले. गावानं आठ दिवस या युक्तीत भोक शोधलं आणि ते सापडलं नाही. माणूस स्वतःच्या दगडावर बसून पाणी प्याला, त्याला कोण काय म्हणणार? तेव्हापासून दर संक्रांतीला नानाजी यायचे, आठ दिवस राहायचे, बैठकीतच बसायचे, बैठकीतच जेवायचे, बैठकीतच निजायचे. दगडाच्या बाहेर पाय टाकला की तोंड बंद. अशी बारा वर्षं झाली. प्रयागबाईच्या माहेरात बापाशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि वर्षाचे हे आठ दिवस सोडले तर तिच्याकडे येणारंही कुणी नव्हतं.

शालिग्रामला हे फार सुखाचं वाटत नसे. तो मला एकदा म्हणाला, "दाजी, माह्या घरात मी सासऱ्याच्या जमिनीवर हिंडतो. म्हणजे घरजावई मी झालो का नाही, सांग." लाकूड हवं होतं ते आवाजासाठी, हे खरं. पण सगळं खरं एवढंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. एका शब्दाची. नवी नवरी म्हणून प्रयागबाई आली तेव्हा तिच्या तोंडी रिसोडची बोली. बैठकीत दगड बसल्यावर ती एकदा म्हणाली, "आत्याबाई, मी जरा फरशीवर बसते, गार वाटते." रंगूबाईनं हातातलं पीठ टाकून किंकाळी फोडली. कारण आमच्या आसेगावात आणि आजूबाजूच्या तांड्यांवर फरशी म्हणजे रुंद पात्याची कुऱ्हाड. घरोघरी दाराआड उभी असते ती. रिसोडकडे ज्या दगडाला फरशी म्हणत, त्याला आम्ही शाबाद म्हणायचो. 'फरशीवर बसणारी सून' म्हणून वर्षभर बायका तिला हसल्या. तेव्हापासून तिनं तो शब्द सोडला आणि शाबाद म्हणू लागली. कुऱ्हाडीला मात्र आमच्यासारखीच फरशी म्हणे.

तर लाकूड आलं आणि तांड्यावरून मोहनसिंगला बोलावणं गेलं. मोहनसिंग सुताराच्या जातीचा नव्हे. बंजारा माणूस, पण लहानपणी लाकडाच्या वखारीवर राहिला आणि हात बसला. त्याची सगळी कारागिरी फरशीची. करवत त्याच्याकडे होती, रंधाही होता, पण ते दुसऱ्याच्या समाधानासाठी. फरशीनं तो शिसपेन्सिलीला टोक काढायचा. एकदा तांड्यावरच्या प्रेमसिंगच्या लग्नात न्हावी आला नाही म्हणून त्यानं फरशीनं नवरदेवाची दाढी केली. दाढीत एक मुंगळा होता. तो जिवंत निघाला.

शालिग्रामनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "मोहनसिंग, हा साहेबी सागवान हाय. याले फरशी लागली नाही पाहिजे. फरशी काढूच नको. करवत अन् रंधा, बस."

मोहनसिंगचं तोंड उतरलं. "पाटील, करवत लाकडाले चावते. माही फरशी त्याले समजावते."

"समजावू नको. चावू दे."

मोहनसिंगनं फरशी पोत्यात गुंडाळली आणि कोपऱ्यात ठेवली, तेही तिच्याकडे पाठ करून, म्हणजे डोळ्यासमोर नको. मग तो मापाला लागला. त्याचं माप बोटांचं. उंबरठा शाबादीच्या वर चार बोटं. खाली आडव्या पट्ट्या टाकायच्या तीन बोटं जाड, म्हणजे आत पोकळ राहून आवाज होईल. वर फळी दोन बोटं.

"तीन अन् दोन पाच," मोहनसिंग म्हणाला. "उंबरठा चार. म्हणजे उंबरठा एक बोट बुडते."

रंगूबाई आतून धावत आली. "काय बुडते?"

"उंबरठा, आत्याबाई."

"बुडते म्हणजे? घराले उंबरठा नाही राहणार? मंग लक्षुमी आन् कुत्रं यायले आत-बाहेर काय समजन? दोघंबी सरळ आत येतीन!"

"एक तं येऊ दे," शालिग्राम म्हणाला.

"अन् दार?" मोहनसिंग म्हणाला. "दार आत उघडते. लाकूड उंबरठ्याच्या वर गेलं की दार अडते. दार खालून कापावं लागन."

"माह्या सासऱ्याचं दार कापशील तं तुहा हात कापीन," रंगूबाई म्हणाली. तिचा सासरा तिथला नव्हताच. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. पण त्या वेळी कुणी तिला ते दाखवून दिलं नाही.

"उपाय हाय," मोहनसिंग म्हणाला. "शाबाद दोन बोटं जाड हाय. शाबाद काढून टाकली की लाकूड दोन बोटं खाली बसते. उंबरठा एक बोट वर राह्यते. दार फिरते."

सगळ्यांनी मान डोलावली. प्रयागबाई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं उलथनं हातात घेऊन उभी होती.

"शाबाद नाही काढाची," ती म्हणाली.

शालिग्रामनं वळून पाहिलं. चौदा वर्षांत तिनं पुरुषांच्या बोलण्यात तोंड घातलं असेल तर ते मी ऐकलेलं नव्हतं.

"काऊन?"

"बाबा संक्रांतीले येतीन. बसतीन कुठं?"

"लाकडावर बसतीन. मामाजीले बुड टेकवाले रिसोडचाच दगड पाहिजे का?"

"बसतीन. पण पाणी नाही पिणार."

"मंग नाही पिणार! बारा वर्स पेले न."

"खाली राहू द्या," ती म्हणाली. "वरून लाकूड टाका. दगड खाली असला तं जागा त्यायचीच राह्यते. काढून फेकला तं मंग काहीच नाही राह्यत."

"अन् उंबरठा?"

ती पुन्हा चुलीपाशी गेली. शालिग्राम दोन दिवस बैठकीत फिरत राहिला, कधी उंबरठ्याकडे पाहत, कधी दगडाकडे. काढू की नको? त्याला ठरवता येईना. शाबाद ठेवली तर आवाजाला हवी तेवढी पोकळी मिळत नाही, नाहीतर घराचा उंबरठा जातो. काढली तर बायको तोंडानं बोलत नाही, पण तव्यावर भाकर बोलते. दोन दिवस भाकरी एका बाजूनं काळ्या आणि एका बाजूनं कच्च्या आल्या. तिसऱ्या दिवशी वाशीमची तारीख होती. "तिथून कळवतो," असं सांगून तो सुटला.

तारीख लांबली. शालिग्राम वाशीमला तीन आठवडे राहिला. आमचा माणूस वाशीमला चार दिवस राहिला की त्याच्या जिभेला इस्त्री होते, दहा दिवस राहिला की हातालाही. तिथं कुणा वकिलाच्या कारकुनानं त्याला सांगितलं म्हणे, की दगडावर लाकूड टाकलं तर ओल धरून सडतं, आधी दगड उचलावा. झालं. शालिग्रामचा निर्णय झाला. त्यानं पोस्टकार्ड टाकलं.

कार्ड मंगळवारी आलं. गावात वाचणारे आम्ही तिघं. त्यातला एक परगावी होता, आणि दुसऱ्याला फक्त छापील वाचता यायचं. म्हणून मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा प्रयागबाई ओसरीवर सुपानं ज्वारी पाखडत होती. मोहनसिंग फळ्यांच्या ढिगावर बसून बिडी ओढत होता. मी कार्ड मोठ्यानं वाचलं:

"मोहनसिंग यांस, विचारांती असे ठरले की फरशी काढावी व मगच लाकूड बसवावे. यात हयगय होऊ नये. आम्ही पुढील गुरुवारी येत आहोत."

मोहनसिंगनं बिडी विझवली. "दाजी, पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"फरशी काढावी?"

"फरशी काढावी."

"पाटलानं सोता लिहिलं?"

"अक्षर त्याचंच हाय. त्याच्या 'फ'ले शेपूट असते."

मोहनसिंग उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला की जणू तांड्यावर कुणी नगारा वाजवला. "मी म्हणतच होतो! विचार केला मंग त्यानं. साहेब लोकायमधी बसून समजलं त्याले, का सागवानाले करवत नाही चालत." आणि तो कोपऱ्यातल्या पोत्याकडे निघाला.

शालिग्रामनं काय लिहिलं होतं ते मला कळलं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात प्रयागबाईचं सूप थांबलं.

"दाजी, चहा घेता का?"

त्या काळी आमच्या गावात चहा म्हणजे दुखण्यात किंवा पाहुण्यात. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंडाची सोय अशी आहे की त्यातून एका वेळी एकच गोष्ट जाते, आत तरी किंवा बाहेर तरी.

"घेतो," मी म्हणालो.

मोहनसिंग पोतं हातात घेऊन अडखळला. त्यालाही काही वाटलं असावं. "बाई, म्हणजे काढू न मी? पाटील आधी म्हणे, काढू नको."

"आता लिहूनच आलं न बाप्पा," प्रयागबाई सुपातल्या दाण्यांकडे पाहत म्हणाली. "त्यायनं लिहिलं तं काढ फरशी."

"अन् शाबाद?"

"शाबादीचं काही लिहिलं हाय का, दाजी?"

मी कार्ड उलटसुलट पाहिलं. "शाबाद हा शब्द यात नाही," मी म्हणालो. आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मंग ते राह्यलं तसंच," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. गुळाचा होता. दोन कप घेतले.

पुढचे आठ दिवस मोहनसिंगनं जे काम केलं ते पाहायला तीन तांड्यांवरची माणसं आली. पट्ट्या तीन बोटं होत्या, त्या त्यानं फरशीनं तासून दीड बोटावर आणल्या. ढलप्या अशा निघत की वाऱ्यानं उडून शेजारच्या गावात उतरत. तिथल्या बायकांनी महिनाभर चुली त्यावर पेटवल्या. दीड आणि दोन साडेतीन. उंबरठा चार. अर्धं बोट वर राहिला. रंगूबाईनं आतून सुपारी घरंगळवून पाहिली, ती उंबरठ्याला थटून थांबली, बाहेर गेली नाही. "राह्यला उंबरठा," ती म्हणाली. दारही फिरलं. लाकूड दगडावर नुसतं टेकवलेलं होतं. शाबादीला एक खिळाही लागला नाही.

गुरुवारी शालिग्राम आला. उंबरठ्यावर पाऊल ठेवलं, आत टाकलं. धाड. पाऊण धाड म्हणा, पोकळी कमी होती. पण त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं धाड. रंगूबाई आतून म्हणाली, "कोण आलं?" शालिग्रामच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं बैठकीला तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला तो दारात थांबला आणि अंगणात पाहू लागला.

"मोहनसिंग, शाबाद कुठं टाकली?"

"कुठं टाकन? खाली हाय."

"खाली कुठं?"

"लाकडाखाली, पाटील. जिथं होती तिथं."

शालिग्राम हळू आवाजात म्हणाला, "मी काय लिहिलं होतं?"

"तुमी लिहिलं, फरशी काढावी," मोहनसिंग म्हणाला. "काढली." आणि त्यानं पाजळलेली फरशी दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. पात्यात शालिग्रामला स्वतःचं तोंड दिसलं असणार, कारण ते बराच वेळ तसंच उघडं राहिलं.

मग तो माझ्याकडे वळला. "वाचलं कोनं?"

"मी."

"तुले समजलं नाही?"

"तू लिहिलं तेवढं वाचलं. पोस्टकार्डात अर्थाले जागा कुठं ठेवली होती तू?"

"कोणत्या गावचा हायस रे तू?" मोहनसिंगनंच विचारलं, मला नाही, पाटलाला, पण लगेच जीभ चावली. "म्हणजे पाटील, तुमी आसेगावचे असून शाबादीले फरशी म्हनता?"

शालिग्रामनं प्रयागबाईकडे पाहिलं. ती लोट्यात पाणी भरून उभी होती, प्रवासातून आलेल्या माणसाला देतात तसं. त्यानं लोटा घेतला. "तुले तं समजलं असन," तो म्हणाला. "तू रिसोडची."

"मले वर्सभर सगळे हसले न," ती म्हणाली. "मी ते बोलणं सोडून देलं."

लाकूड उखडून पुन्हा बसवायचं म्हणजे आवाज गेला, आणि आवाज मिळून अजून अर्धी घटका झाली नव्हती. शालिग्राम चूळ भरून आत गेला. त्या दिवशी भाकर दोन्ही बाजूंनी सारखी भाजली होती, असं ऐकलं.

पण प्रयागबाईचं काम यानं संपलं नव्हतं. दगड खाली राहिला, हे तिनं केलं. तो नानाजी मानतील का, हे तिच्या हातात नव्हतं. संक्रांत सहा दिवसांवर होती. तोवर ती दिवसातून चारदा बैठक पुसायची आणि फळ्यांच्या फटींतून खाली पाहायची. फटीतून काही दिसत नव्हतं. मोहनसिंगचं काम तसं नव्हतं.

भोगीच्या दुपारी नानाजींची गाडी दारात थांबली. सत्तरीचा माणूस, रिसोडहून निघालेला, गाडी मध्ये एकदा नाल्यात कलंडलेली, अंगावर सगळी धूळ. ओठ पांढरे. गाडीतून उतरले, काठी टेकत ओट्यावर आले, उंबरठ्यापाशी आले आणि थांबले. आत लाकूड. बारा वर्षांत पहिल्यांदा नानाजी त्या दारात बाहेरच्या बाजूनं उभे राहिले.

शालिग्राम आत होता. दोन पावलं टाकली, धाड, धाड. "या मामाजी, या. बसा."

नानाजी त्याच्याकडे पाहीनात. "माही फरशी कुठं हाय?"

मोहनसिंग तेव्हा खिडकीची चौकट ठोकत होता. फरशी म्हटल्यावर तो मागं वळला. "तुमची नाही बाप्पा, हे माही हाय," तो म्हणाला आणि ती उंच धरून दोन पावलं पुढं आला. नानाजी दोन पावलं मागं गेले. गाडीवानानं बैलांचं जू टाकलं आणि काठी उचलली. हे सगळं एका दमात झालं, आणि तेवढ्याच वेळात निवळलं, कारण रंगूबाई ओरडली, "अरे मेल्या, ते कुऱ्हाड खाली ठेव! म्हातारा दगडाचं विचारून राह्यला!"

कुऱ्हाड खाली गेली. ओट्यावर माणसं जमली होती.

प्रयागबाई लोटा घेऊन दारात आली. "बाबा, खालीच हाय. एकबी हलवली नाही. वरून लाकूड टाकलं."

नानाजींनी काठीनं फळी ठोकून पाहिली. "खाली हाय?"

"खाली हाय."

"खाली तं पृथ्वीबी हाय, बाई," नानाजी म्हणाले. "खाली असल्यानं भागत असतं तं मी कुठंबी पाणी पेलो असतो. कायले सहा गाड्या दगड आणला असता?" राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. हिशेब चुकलेल्या पोराला सांगावं तसं बोलले. "वर जावयाचं लाकूड हाय. बसलो तं जावयाच्या लाकडावर बसलो. नाही पित. असो. तू बरी हायस न?" आणि ते ओट्याच्या पायरीवर उन्हात बसले. पायरी शालिग्रामची होती, म्हणून तिथंही तोंड बंद.

गर्दीत वाद सुरू झाला. एक म्हणाला, झाकलेली विहीर ज्याची त्याचीच असते. दुसरा म्हणाला, पण पाणी झाकणातून येत नाही. प्रयागबाई ऐकत नव्हती. तिनं लोटा उंबरठ्यावर ठेवला, आत गेली, आणि चुलीवरचं उलथनं घेऊन आली. दारापासून दुसऱ्या फळीच्या कडेत तिनं उलथन्याचं पातं घातलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. उलथनं वाकलं. तिनं ते उलटं केलं आणि पुन्हा घातलं.

"काय करून राह्यली वं?" शालिग्राम म्हणाला.

तिनं पातं आणखी आत रेटलं. फळी कण्हली. एका कडेला चिरफाळी निघाली.

"बाई, थांबा! बाई, फाटन ते!" मोहनसिंगला हे सहन झालं नाही. त्याच्या आठ दिवसांच्या कामात कुणी उलथनं खुपसत होतं. तो धावत आला, गुडघ्यावर बसला आणि शालिग्रामकडे पाहिलं. "पाटील, ह्या अशाच उखडत राह्यतीन तं एकबी फळी धड नाही राहणार. मी काढू एक? सावचित काढतो."

शालिग्रामनं बाहेर पाहिलं. पायरीवर म्हातारा उन्हात बसला होता आणि ओठांवरून जीभ फिरवत होता, पण जीभही कोरडीच होती. भोवती पंचवीस माणसं. खाली बायको, पदर घामानं भिजलेला, हातात वाकलेलं उलथनं, तिसऱ्यांदा फटीत घालत होती.

"काढ," तो म्हणाला. "कडेची काढ, मधली नको." मग थांबून म्हणाला, "नाही, हेच काढ. म्हाताऱ्याले जवळ पडन."

मोहनसिंगनं खिळे उपसले आणि फळी उचलली. खाली काळानिळा दगड, त्यावर आठ दिवसांचा भुसा. प्रयागबाईनं पदरानं भुसा पुसला.

नानाजी उठले. उंबरठा ओलांडून आत आले, खड्ड्यापाशी उभे राहिले, वाकून दगडाला हात लावून पाहिला. मग शालिग्रामच्या लाकडाच्या कडेवर बसले आणि दोन्ही पाय खाली आपल्या दगडावर टेकवले. बुड जावयाच्या जागेत, पाय स्वतःच्या. रंगूबाईनं तोंड उघडलं. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं तिला गप्प केलं. तो म्हणाला, माणूस उभा कुठं राहतो ते पाहायचं, टेकतो कुठं ते नाही.

प्रयागबाईनं लोटा पुढं केला. पाणी थोडं सांडलं, ते दगडावरच.

नानाजींनी लोटा रिकामा केला. दुसरा मागितला, तोही केला. मिशा पुसल्या आणि मोहनसिंगकडे पाहून म्हणाले, "ते फळी भिंतीशी उभी कर, बाप्पा. ठोकू नको. मी आठ दिवस हाओ."

"दहा राहा," प्रयागबाई म्हणाली आणि तिसरा लोटा भरायला आत गेली.